नवव्या महिन्याचा रकाना

"कार्ड सांभाळ गं बाई. हे हरवलं तर पोरीचं अर्धं आयुष्य हरवलं असं समज."

माझ्या कानावर पडलेला हा पहिला आवाज. बाळंतिणींच्या खोलीतल्या नर्सबाईंचा. आवाज जाडाभरडा होता, पण हात मऊ होते. त्यांनी मला गठ्ठ्यातून उचललं, फुंकर मारून धूळ उडवली आणि माझ्या पहिल्या ओळीत एका मुलीचं वजन लिहिलं. नाव अजून ठरलं नव्हतं, म्हणून नावाच्या जागी नुसतं 'मुलगी' असं लिहिलं. पुढे ते बदलायचं राहूनच गेलं.

मित्रांनो, मी एक जुनं कार्ड आहे. लहान मुलांना कोणती लस कधी टोचली, ते माझ्यावर लिहितात. अंगाने जाड पुठ्ठ्याचं, रंगाने पिवळं, तीन घड्यांचं. आता घड्यांवर चिरा पडल्या आहेत आणि एक कोपरा उंदराने खाल्ला आहे. मला त्याचं काही वाटत नाही. पुठ्ठ्याला दुखत नसतं.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. एका सकाळी आम्ही हजारो भावंडं यंत्रातून बाहेर पडलो. सगळ्यांच्या अंगावर तेच रकाने. जन्म, दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने. सगळे रिकामे. रिकाम्या रकान्याचा अर्थ मला तेव्हा कळत नव्हता. मला वाटायचं, आपल्या अंगाला खिडक्या आहेत.

मी ज्या घरी गेलो ते घर म्हणजे एक खोली. एक दार, एक खिडकी, दारामागे एक खिळा. त्या खिळ्याला एक प्लास्टिकची पिशवी लटकायची आणि त्या पिशवीत मी. माझ्या शेजारी बटणांची एक लांब माळ असायची. पांढरी, काळी, शिंपल्याची, पितळेची, चार भोकांची, दोन भोकांची. मुलगी रडायला लागली की तिची आई ती माळ तिच्या डोळ्यांपुढे हलवायची.

ती बटणं आईच्या कामावरची. गावाच्या टोकाला जुन्या कपड्यांचं एक मोठं गोदाम होतं. तिथे लांबून कपड्यांचे गठ्ठे यायचे. चाळीस बायका ओळीने बसून त्यांची बटणं, हुक, चेन कापून काढायच्या. उरलेल्या कापडाच्या चिंध्या यंत्रं पुसायला जायच्या. सकाळपासून कात्री धरून दुपारपर्यंत बोटं बधिर व्हायची. मग बायका एकमेकींच्या बोटांना चिमटा काढून बघायच्या.

"लागलं का?"

"नाही."

"मग अजून एक गोणी होईल तुझ्याकडून."

सगळ्या हसायच्या. आणि या हजारो बटणांच्या गोदामात मुकादमाच्या सदऱ्याचं मधलं बटण मात्र कायम तुटलेलं असायचं. त्यावरूनही हसायच्या. "पोट आधी आत येतं, मग मुकादम," असं म्हणायच्या.

अशा आईची मुलगी म्हणून तिला सगळे 'गुंडी' म्हणायला लागले. गुंडीचे बाबा रस्त्याच्या कामावर. रस्ता जिकडे सरकेल तिकडे ते सरकायचे. दोन-तीन महिन्यांनी घरी यायचे, दोन दिवस झोपायचे आणि परत जायचे. घरात तिघीच. गुंडी, आई आणि आजी. आजी गुंडीला मांडीवर घेऊन डोलायची आणि स्वतःच जुळवलेली ओळ गुणगुणायची:

गुंडी माझी गुंडी, काजात बसू दे,
उसवलं जग सारं, एवढं तरी असू दे.

मला ही ओळ आवडायची. पिशवीत लटकून मी ती ऐकायचो.

दीड महिन्याच्या सुया झाल्या तेव्हा गुंडीच्या मांडीला गाठ आली आणि अंग तापलं. आजीने घर डोक्यावर घेतलं. "हसतंखेळतं लेकरू नेलंस आणि रडकं आणलंस. सूनबाई, सुई कपड्याला लागते, लेकराला नाही."

आईने गुंडीच्या कपाळावर ओला कपडा ठेवला. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, आणि ती कामावर गेली. तरी अडीच महिन्यांच्या सुईला तिने मला छातीशी खोचून नेलं. साडेतीन महिन्यांच्याही. माझे रकाने भरत गेले. काळ्या शाईच्या बारीक, तिरप्या तारखा. मला त्यांचा अभिमान वाटायचा. अंगावर दागिने घालावेत तशा त्या मी मिरवायचो, खिळ्यावर लटकून का होईना.

मग नववा महिना आला. गोवराच्या लसीचा.

मित्रांनो, मी पुढे जे सांगणार आहे त्यात कोणी वाईट माणूस नाही. मी खूप शोधला. सापडला नाही.

दवाखान्यात लस फक्त बुधवारी सकाळी मिळायची. आणि गोदामाचा नियम असा, की घंटेनंतर आली तिची खिडकीजवळची जागा गेली. मग पुढचा आठवडाभर तिने धुळीच्या कोपऱ्यात बसायचं. तिथे कपड्यांची तुसं हवेत तरंगत असायची. तिथे आठवडा काढलेली बाई पुढचे पंधरा दिवस खोकायची. तरी आई त्या बुधवारी गेली. वेळेवर गेली. दिवस मोजून गेली. दवाखान्यात त्या दिवशी सातच मुलं होती.

"दहा तरी होऊ देत," नर्सबाई म्हणाल्या. या बाळंतिणींच्या खोलीतल्या नव्हेत, दुसऱ्या. त्यांचे पाय सुजलेले असायचे आणि त्या चप्पल काढून उभ्या राहायच्या. "एका बाटलीत दहा जणांचं औषध. उघडली की दुपारच्या आत संपवावी लागते, नाहीतर फेकायची. वरून मला विचारतात, का फेकली म्हणून. पुढच्या बुधवारी ये."

"सिस्टर, मी कामावरून…"

"सगळ्याच कामावरून येतात, बाई."

आईने मला परत छातीशी खोचलं. ती तशीच गोदामात गेली आणि धुळीच्या कोपऱ्यात बसली.

पुढच्या बुधवारी कपड्यांचा ट्रक आला. मुकादमाने कोणालाच सोडलं नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी गुंडीचं नाक वाहत होतं, आणि आजी दारात आडवी उभी राहिली. "आजारी लेकराला सुई? माझ्या अंगावरून जा." मग आईचा खोकला. मग बाबा आले आणि गेले. मग एक बुधवार आला तोच सुट्टीचा. मी खिळ्यावर होतो आणि नवव्या महिन्याचा रकाना रिकामा होता. बुधवार येत होते, जात होते. आई मला रोज बघायची. दार लावताना तिची नजर पिशवीवरून जायची. हळूहळू ती दार लावताना दुसरीकडे बघायला लागली.

गुंडी तेरा महिन्यांची झाली तेव्हा एका बुधवारी आई परत गेली. रांगेत तिच्या पुढे सायकलवाल्याची बायको होती. आमच्याच गल्लीत कोपऱ्यावर तिच्या नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. तिच्या कडेवर तिचा मुलगा, गुंडीएवढाच. त्याला सगळे 'घंटी' म्हणायचे, कारण तो दिवसभर दुकानातल्या सायकलींच्या घंट्या वाजवायचा.

नर्सबाईंनी तिचं कार्ड उघडलं आणि मान वर केली. त्या दिवशी खूप गर्दी होती. सकाळपासून त्या उभ्या होत्या.

"नऊ महिन्यांची लस आता? आता आठवण झाली होय? मूल जन्माला घालायला वेळ असतो, टोचायला आणायला नसतो?"

रांगेतलं कोणीतरी हसलं. सायकलवाल्याच्या बायकोचं तोंड उतरलं. तिने कार्ड ओढून घेतलं, घंटीला खांद्यावर टाकलं आणि रांगेतून बाहेर पडली. नर्सबाई मागून ओरडल्या, "अगं, थांब! देते म्हटलं ना!" पण ती थांबली नाही.

आता आईची पाळी होती. मी तिच्या हातात होतो. तिचा अंगठा नेमका त्या रिकाम्या रकान्यावर होता. मग आईही वळली. ती दाराबाहेर पडली. उन्हात दोघी बायका पुढेमागे चालत होत्या, एकमेकींकडे न बघता.

घरी आल्यावर आजीने विचारलं, "झालं का?"

"झालं," आई म्हणाली.

त्या एका शब्दाने काम झालं असतं तर बरं झालं असतं. पण महिनाअखेरीस वहीवाली ताई यायची होती. ही ताई दवाखान्यातर्फे घरोघर फिरायची. काखेत लांब वही, पायात झिजलेले बूट. प्रत्येक घरी कार्ड बघायची आणि वहीत खूण करायची. ज्या घरचा रकाना रिकामा, त्या दारावर ती खडूने एक गोल काढायची, म्हणजे पुन्हा कुठे यायचं ते लक्षात राहावं. एवढाच हेतू. पण गल्लीत त्या गोलाला नाव पडलं होतं 'आळशी आईचा गोल'. पोरं त्यावर खडे मारायची.

आईने मला गोदामात नेलं. दुपारच्या सुट्टीत ती चष्मेवालीच्या शेजारी जाऊन बसली. चष्मेवाली गोण्यांवर आकडे घालायची. तिथे लिहितावाचता येणारी ती एकटीच.

"यात एक तारीख घालून दे," आई म्हणाली आणि माझ्या रकान्यावर बोट ठेवलं.

चष्मेवालीने चष्मा वर केला. "सुई दिली का पोरीला?"

आईने रकान्यावरचं बोट काढलं नाही.

"कोणती तारीख घालू मग? तुझ्या लग्नाची?"

"चेष्टा नको गं."

"मी चेष्टा करत नाहीये. तुला कळतंय का तू काय मागतेस ते?"

"पुढच्या बुधवारी नेतेच आहे," आई म्हणाली. "नुसता गोल नको दारावर. सासूबाईंना मी 'झालं' म्हणून सांगितलंय. गोल दिसला तर मला उभं राहायला जागा नाही."

चष्मेवालीने चष्मा परत खाली ओढला. मग गोण्यांवर लिहायचं पेन काढलं. ते निळं होतं, जाड टोकाचं. शाई माझ्या अंगात खोल उतरली. चार महिन्यांपूर्वीचा एक बुधवार माझ्या अंगावर आला. तो बुधवार आईने ट्रक रिकामा करण्यात घालवला होता.

आईने बोटाने शाई चाचपून बघितली. तिला काही जाणवलं नसणार. दुपारची वेळ होती, बोटं बधिर झाली होती.

वहीवाली ताई आली. मला उघडलं, वरून खाली बघितलं. जाड निळ्या तारखेवर तिचा अंगठा क्षणभर थांबला. सगळ्या तारखा काळ्या आणि बारीक, ही एकच निळी. मी पुठ्ठा आहे, पण अंगठ्याचं थांबणं मला कळतं. मग तिने पान उलटलं. तिच्या वहीतही रकाने होते. तेही भरलेले दाखवावे लागायचे.

"शाब्बास," ती म्हणाली. आणि मला हातात घेऊन बाहेर गल्लीत आली. "बायांनो, इकडे बघा. कार्ड असं ठेवायचं! ना डाग, ना सुरकुती, आणि सगळे रकाने भरलेले."

चार बायकांनी माना वळवून मला बघितलं. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं कौतुक. आजी दारात ताठ उभी होती. "आमची सून शिकलेली नाही, पण वेळेची पक्की आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. आई चूल पुसत होती. ती तीच जागा पुसत राहिली.

सायकलवाल्याच्या दारावर त्या दिवशी गोल आला. त्याच्या बायकोने वहीवाल्या ताईला खरं ते सांगितलं होतं. "नाही टोचलं. येईन," ती म्हणाली होती. ती गेली नाही.

आईही गेली नाही. आणि आता ती जाणार तरी कशी? मित्रांनो, तिच्या लक्षात न आलेली गोष्ट ही होती, की रिकामा रकाना उशिरा का होईना भरता येतो. भरलेल्या रकान्यावर कोण सुई देणार? एका बुधवारी ती खरंच दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेली. तिथे उभं राहून तिने मला उघडलं, निळी तारीख बघितली, आणि मिटलं. मग मला पिशवीत ठेवलं, पिशवीला गाठ मारली. ती गाठ पुढचे आठ महिने सुटली नाही. उंदराने कोपरा खाल्ला तो याच दिवसांत. आजी ओळ गुणगुणायची, गुंडी चालायला लागली, पडायला लागली, बटणांच्या माळेतली बटणं तोंडात घालायला लागली. आई कामावर जायची, यायची, भांडी घासायची. हसायची कमी, पण तसं कोणाच्या लक्षात आलं नाही. गोदामातून आलेली सगळीच माणसं थकलेली दिसतात.

मग गल्लीत गोवर आला.

आधी कोपऱ्यावरच्या सायकलींच्या घंट्या थांबल्या. घंटीला ताप होता, डोळे लाल, अंगभर पुरळ. चौथ्या दिवशी त्याला श्वास लागला, आणि त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. दुकान अकरा दिवस बंद होतं. बाराव्या दिवशी सायकलवाल्याने फळी उघडली. दुकानाच्या दारावर घंटीची एक लहान तीनचाकी टांगलेली असायची. ती त्याने खाली उतरवली आणि आत नेऊन ठेवली. मग पंक्चर काढायला बसला. दारावरचा खडूचा गोल तेवढा पुसायचा राहिला होता. कोणीतरी तो कपड्याने पुसला. ती आमच्याच घरची आई होती. पुसून ती घरी आली, कपडा धुतला, वाळत घातला. रडली नाही.

आजी म्हणाली, "बरं झालं बाई, आपल्या गुंडीला टोचलेलं आहे."

आई "हो" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नर्सबाई आणि वहीवाली ताई गल्लीत आल्या. नर्सबाईंच्या खांद्यावर बर्फाचा निळा डबा होता. आता कुठल्याही वाराची वाट नव्हती, दहा मुलांचीही नव्हती. घरोघर जायचं, कार्ड बघायचं, रकाना रिकामा असेल तर दारातच टोचायचं. आई कामावर निघाली होती. ती थांबली. तिने खिळ्यावरची पिशवी काढली. गाठ सुटेना. तिने ती दातांनी सोडवली.

मला आठ महिन्यांनी उजेड दिसला. नर्सबाईंच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. त्यांनी माझ्यावरून बोट फिरवलं. जन्म, दीड, अडीच, साडेतीन, नऊ.

"हिचं झालंय," त्या म्हणाल्या. "चला पुढे."

वहीवाल्या ताईने आईकडे बघितलं. काहीतरी विचारायचं असल्यासारखी ती अर्धा क्षण रेंगाळली. मग तिने वहीत खूण केली. मला आईच्या हातात दिलं. त्या दोघी उंबरा उतरल्या.

"आमचं सगळं वेळेवर असतं, सिस्टर," आजी मागून म्हणाली.

मित्रांनो, या क्षणी मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण कार्डाला तोंड नसतं. कार्डावर जे लिहिलं जातं तेच कार्ड बोलतं, आणि माझ्यावर खोटं लिहिलं होतं. म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो. घरी तुमचं असं एखादं कार्ड असेल तर ते शोधा, त्याचा रिकामा रकाना शोधा, आणि तो रिकामा असल्याची लाज वाटून घेऊ नका. आणि कधी रांगेत उशिरा आलेली एखादी बाई दिसली तर हसू नका. तिला आधी बसायला जागा द्या. बाकीचं नंतर.

त्या दोघी शेजारच्या दाराशी पोचल्या होत्या. गुंडी उंबऱ्यात बसून बटणांची माळ आपटत होती. आई माझ्याकडे बघत होती. मग तिने गोदामातल्या बायका करतात तसा स्वतःच्या बोटाला चिमटा काढला. जोरात.

लागलं. तिचा चेहरा आक्रसला तो मी बघितला.

"सिस्टर," ती म्हणाली. ते कोणाला ऐकू गेलं नाही. तिने परत हाक मारली, या वेळी गल्लीभर ऐकू जाईल अशी. "सिस्टर, थांबा!"

नर्सबाई वळल्या. वहीवाली ताई वळली. शेजारणी दारात आल्या. समोर सायकलवाल्याच्या बायकोने मान वर केली. आजी मागे उभी होती.

आईने मला उघडून पुढे धरलं, निळ्या तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाली,

"ही तारीख खोटी आहे. मी लिहून घेतली. माझ्या गुंडीला ही सुई दिलेली नाही."